चारशे पंचविसावा भागाकार

मधुमेहानं मास्तरांची नजर गेली आणि त्यांनी हाय खाल्ली. दोन घास खाऊन ताट सारायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. घरात एक लेकच. शाळांचे गणवेश शिवून ती घर चालवायची.

एके दुपारी त्यांनी हाक मारली. "लिहून घे. सत्त्याऐंशी लाख सदुसष्ट हजार चारशे सत्तावन्न. ही मूळ संख्या आहे. पैजेवर सांगतो."

"कशावरून, अण्णा?"

"भागून बघायचं. हिच्या वर्गमूळाच्या आत चारशे सव्वीस मूळ संख्या आहेत, ट्रंकेत तक्ता आहे. एकीनंही भाग गेला नाही की झालं सिद्ध."

तेव्हापासून रोज दुपारी मशीन थांबवून ती वही घ्यायची. ती भागायची, ते बाकी पडताळायचे. दिवसाला दोन भागाकार.

दुसऱ्याच आठवड्यात, बाह्या बेतताना, तिनं कागदाच्या कोपऱ्यात वर्गमूळाच्या लगेच वरच्या संख्येचा, दोन हजार नऊशे एकसष्टचा, वर्ग केला. त्यातून ती संख्या वजा केली. उरले चौसष्ट, म्हणजे आठाचा वर्ग. संपलंच की! एकसष्टच्या जागी आठ कमी, आठ जास्त: दोन हजार नऊशे त्रेपन्न आणि दोन हजार नऊशे एकोणसत्तर. या दोघींचा गुणाकार म्हणजे ती संख्या.

तिनं तो कोपरा फाडून चुलीत टाकला.

मास्तर जेवू लागले. रोज दाढी करू लागले. "किती उरले गं?" असं सकाळपासून विचारायचे. आठ महिने ती भागत राहिली.

शेवटी दोनच उरले.

"दोन हजार नऊशे त्रेपन्न घे," मास्तर हात चोळत म्हणाले.

खोटी बाकी सांगता आली असती. पण तिच्या तोंडून निघालं, "शून्य."

"चुकलीस. पुन्हा कर."

तिनं पुन्हा केला. "शून्यच, अण्णा."

त्यांचे ओठ हलत राहिले. मग म्हणाले, "चौसष्ट मिळवले की पूर्ण वर्ग. आठवीला शिकवायचो मी हे. तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं. दुसऱ्या आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जेवत होता म्हणून," ती म्हणाली. आणि थांबायचं तिथं थांबली नाही. "आईच्या आजारपणात मला नववीतून काढलंत. गणितात पहिली होते मी. तेव्हा तुम्ही तरी कुठं काही बोललात?"

मास्तरांनी वही मागितली. कोऱ्या पानांवरून हात फिरवला, मिटली आणि परत दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "दुसरी संख्या घेऊ या?"

"तुझं शिवण राहतंय," ते म्हणाले.

ताट पुन्हा तसंच परत येऊ लागलं. तिनं भरवून पाहिलं, डॉक्टरांना आणलं, एकदा पायाशी बसून रडलीही. ते तिच्या डोक्यावर हात ठेवायचे, पण बोलायचे नाहीत. सहाव्या आठवड्यात गेले.

शेजारीण म्हणाली, "शेवटचे महिने तरी सुखात गेले गं त्यांचे, तुझ्यामुळे."

ती हो म्हणाली. आपण त्यांच्यासाठी गप्प राहिलो की त्यांच्यावर सूड म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.