फटी नसलेल्या खिडक्या

ब्रिगिडाने बाहीने काच पुसली आणि बाही कोपरापर्यंत ओली झाली. पाणी बाहेरचे नव्हते. बाहेर बर्फ कोरडा, भुसभुशीत पडत होता. पाणी काचेवरून आतल्या बाजूने ओघळून चौकटीत साचत होते, आणि ते टिपायला एर्नाकाकूंनी तिथे जुन्या टॉवेलची घडी लावून ठेवली होती.

"राहू दे गं," एर्नाकाकू म्हणाल्या. "माणसं जमली की होतं असं. बस तू. आमच्या बेआटाची गाडी उशिरा आहे, लेकीसाठी जप थांबवायला नको."

खोलीत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर त्या जिन्यावर राहणारी बहुतेक माणसे दाटीवाटीने बसली होती. एर्नाकाकूंच्या नवऱ्याला, गेरार्डला, उद्या सकाळी पुरायचे होते. माती होईपर्यंत रोज संध्याकाळी मेलेल्याच्या घरी जपमाळ म्हणायची, ही या खाणवस्तीची रीत. जप सांगायचे काम ब्रिगिडाकडे. आवाज खणखणीत, आणि तशीही इमारतीतली सगळी कामे तीच पुढे होऊन करायची. सोसायटीची अध्यक्ष तीच होती. भिंतींवर बाहेरून थर्मोकोलचा जाड थर तिने लावून घेतला होता, वर पिवळा गिलावा तिने निवडला होता. सरकारी अनुदानासाठी तिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. सबंध गाव कोळशाच्या धुरात खोकत होते. आपली इमारत तरी कमी जाळेल, कमी धूर सोडेल, असे तिला मनापासून वाटत होते. या पहिल्याच हिवाळ्यात सगळ्यांचा घर तापवायचा खर्च निम्म्यावर आला. पालिकेची माणसे येऊन इमारतीचा फोटो काढून गेली.

"शेवटी कसा दिसत होता गं?" तळमजल्यावरच्या क्लाराबाईंनी एर्नाकाकूंना विचारले. त्यांना घरी बघायला मिळाले नव्हते. शव त्याच रात्री नेले होते.

"झोपल्यासारखा. न्हाणीघरात टबाला टेकून बसला होता. आणि गाल असे गुलाबी, क्लारा, जणू आत्ताच नाचून आलाय."

"खाणीतून वर यायचा तेव्हा राखेसारखा असायचा. मेल्यावर रंग चढला म्हणायचा."

एक-दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. एर्नाकाकूसुद्धा हसल्या आणि मग त्यांनी डोळे पुसले.

ब्रिगिडाच्या बोटांत मणी तसाच राहिला. ती शाळेत होती तेव्हा खाणीत एकदा विषारी वायू पसरला होता. वर आणलेल्या माणसांना शवागारात ठेवले होते, आणि तिची आई तिला घेऊन दाराबाहेर उभी होती. बघू नकोस, आई म्हणाली होती, वायूने गाल गुलाबी होतात, तुला ती जिवंत वाटतील.

तिने समोर पाहिले. टेओफिल खुर्चीत पुढे वाकून बसला होता. तो तिच्याच वर्गात होता. पुढे निवृत्त होईपर्यंत खाणीच्या बचाव पथकात. इतका वेळ तो एर्नाकाकूंकडे बघत होता. आता तो जमिनीकडे बघत होता.

"काकू," ब्रिगिडाने विचारले, "डॉक्टर आले तेव्हा खिडक्या बंद होत्या का?"

"बंद कशा असतील? मी आधी त्याच उघडल्या, सगळ्या, सताड. त्याच्या जिवाला बाहेर पडायला वाट नको? माझी आई सांगायची, माणूस गेला की आधी खिडकी, मग बाकीचं. रुग्णवाहिकेवाले कुडकुडत होते बिचारे. एकाच्या छातीवर वायू ओळखायची ती डबी होती, ती गप्पच होती. हृदयच ते. किती वर्षं धाकात होतो आम्ही."

"सुरू करूया," टेओफिल खाली मान घालूनच म्हणाला.

तिने सुरू केले. दुःखाची रहस्ये, जपमाळेचे पाच टप्पे. नमो मरिये, कृपापूर्णे. खोलीने तिच्या मागून उत्तर दिले. दुसऱ्या रहस्यापाशी दार उघडले आणि बेआटा आत आली, डॉर्टमुंडहून थेट, केसांवर बर्फ घेऊन. तिने आईला मिठी मारली, बाकीच्यांना मानेनेच नमस्कार केला आणि आईच्या कानात काहीतरी पुटपुटली. "जा, जा," एर्नाकाकू म्हणाल्या, "गोठलीयेस नुसती, आधी गरम पाण्यात बस." पॅसेजमध्ये बूट काढल्याचा आवाज झाला. न्हाणीघराची कडी. नळ. मग गॅसचा गिझर भस्सकन पेटला.

ब्रिगिडा जप सांगत राहिली. ओठ सांगत होते.

नव्या खिडक्यांच्या वरच्या चौकटीत हवा आत यायला बारीक फटी असणार होत्या. तसे नकाशात होते. त्यावरून सभेत हशा पिकला होता. एवढे पैसे ओतून घट्ट खिडक्या घ्यायच्या आणि वर त्यांना भोकं पाडायची? नवी पॅंट घेऊन ढुंगणावर कात्री, असे गेरार्डच म्हणाला होता. मग ब्रिगिडानेच प्रस्ताव मांडला: फटी नकोत. सगळ्यांनी हात वर केले. कंत्राटदाराला काय, त्याचे काम वाचले. थंडी सुरू झाल्यावर लोक तक्रार करू लागले की न्हाणीघराच्या जाळीतून हवा बाहेर जायच्या ऐवजी उलटी आत येते, गारेगार. घर सगळीकडून बंद, तर ते जिथून मिळेल तिथून श्वास घेणार, आणि हवा तुटली की गॅसचा गिझर खाणीतलाच तो वायू सोडणार, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आले नाही. धुराडी आणि हवेच्या वाटा तपासणारा चिमणीवाला वसंतात येणार होता. तोवर काहीतरी चिकटवा जाळीवर, ब्रिगिडाने जिन्यात उभे राहून सांगितले होते. उष्णता बाहेर सोडू नका.

"आता आणि आमच्या मरणाच्या वेळी," खोली म्हणाली.

पुढचा मणी तिचा होता. ती उठली. माळ खुर्चीवर टाकून ती पॅसेजमध्ये गेली आणि न्हाणीघराच्या दारावर तिने मूठ आपटली.

"बेआटा! नळ बंद कर. बाहेर ये."

"कोण आहे?"

"ब्रिगिडा. लगेच ये, जशी असशील तशी."

मागे जप थांबला होता. कडी निघायला वेळ लागला. बेआटा आईचा गाऊन गुंडाळून बाहेर आली, पाय ओले, एक हात भिंतीवर.

"अध्यक्षबाई, आता अंघोळीलाही सोसायटीची परवानगी लागते का?"

"गिझर बिघडलाय. चक्कर येतेय का?"

"प्रवासात डोकं जड झालंय, बाकी काही नाही."

"स्वयंपाकघरात जा. खिडकी उघड आणि तिच्याजवळ उभी राहा."

"या थंडीत? ओल्या केसांनी?"

"उभी राहा म्हटलं ना."

बेआटा तिच्याकडे बघत राहिली, मग गेली. खोलीतून टेओफिलचा आवाज आला, जप पुढे सुरू झाला होता; घसा खरखरीत, पण शब्द चुकत नव्हते. ब्रिगिडा आत शिरली. गिझरची ज्योत हवा कमी पडल्यासारखी पिवळी, आळशी होती. तिने गॅसचा खटका आडवा केला. टबाच्या काठावर चढून तिने वर पाहिले. जाळीवर केकच्या खोक्याचा पुठ्ठा होता, चारही बाजूंनी खाकी चिकटपट्टीने पक्का केलेला. पट्टीचे कोपरे गेरार्डने कात्रीने सरळ कापले होते. तिने नखांनी एक कोपरा सोडवला आणि ओढला. रंगाचा पोपडा पट्टीबरोबर निघून आला. मग गार हवा तिच्या चेहऱ्यावर पडली, वरून खाली.

जप संपला तेव्हा ती तिथेच टबाच्या काठावर बसलेली होती. टेओफिल आत आला आणि त्याने मागे दार लोटून घेतले. आधी तो जाळीकडे बघत राहिला, मग पुठ्ठ्याकडे.

"उद्या माती आहे त्याची," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"आज बोललीस तर सकाळी खाणीच्या बॅंडच्या जागी पोलीस येतील. चिरतील त्याला. महिनाभर गॅस बंद करतील सगळ्या जिन्याचा, या थंडीत. आणि तुला कोर्टात उभं करतील."

"आणि नाही बोलले तर?"

"मी खालच्या मजल्यांवर जातो, तू वरच्या. आत्ताच. जाळ्या मोकळ्या करायच्या, पाणी तापवताना खिडकी तिरकी ठेवायची. भिंतींना बुरशी येतेय म्हणून सांगू. तुझं सगळे ऐकतात."

"त्यानेही ऐकलं होतं."

टेओफिलने टोपी काढली, पुन्हा घातली. "हात मीही वर केला होता, ब्रिगिडा. बचाव पथकात आयुष्य काढलेला माणूस, आणि हात वर केला. आता मेलेल्याला काय फरक पडतो सांग. तो परत येणार आहे का?"

दार उघडून तो निघून गेला.

बाहेर खुर्च्या घेऊन लोक बाहेर पडत होते. ब्रिगिडाने बेआटाला सांगितले, गिझर दुरुस्त होईपर्यंत पेटवायचा नाही, अंघोळीला माझ्याकडे या दोघी. बेआटाचे डोके आता बरे होते, असे ती म्हणाली. खिडकीपाशी तिच्या ओल्या केसांच्या टोकांना बर्फ धरला होता. ब्रिगिडाने पुठ्ठा दुमडून कोटाच्या आत घातला. जिन्यावर पाय ठेवणार तोच एर्नाकाकूंनी तिचा कोपर धरला, तिला पॅसेजच्या कोपऱ्यात ओढले आणि मागे वळून मुलगी ऐकत नाही ना, ते पाहिले.

"मला कुणाला तरी सांगायलाच हवं. फादरला सांगितलं तर तो म्हणेल, देवाने क्षमा केली. ते काय, त्याचं कामच आहे."

"काय झालं, काकू?"

"त्याची हृदयाची गोळी. रोज मी बशीत काढून ठेवायची, स्वतःहून कधी घेतली नाही त्याने. मंगळवारी सकाळी आम्ही भांडलो, काहीतरी फालतू, बटाट्यांवरून. मी बशी पुढे केलीच नाही. म्हटलं, मागू दे. तो संध्याकाळी अंघोळीला गेला तेव्हा मला ती कपाटावर दिसली." त्यांचा आवाज अगदी सपाट होता, जणू दुकानात काय मिळाले नाही ते सांगत होत्या. "डॉक्टरने विचारलं, गोळ्या वेळेवर घेत होते ना? मी हो म्हणाले. मीच मारलं गं त्याला. बटाट्यांवरून."

ब्रिगिडाने तोंड उघडले. खाली टेओफिल क्लाराबाईंच्या दारात बोलत होता. बुरशी, तो सांगत होता, भिंती आतून ओल्या होतायत, जरा हवा खेळू द्या. क्लाराबाई विचारत होत्या, म्हणजे तो एवढा खर्च करून काय उपयोग झाला मग?

"बेआटाला सांगू नकोस," एर्नाकाकू म्हणाल्या. "तिचा बापावर फार जीव. ती मला तोंड दाखवायची नाही परत. शपथ घे."

खाली दार बंद झाले. टेओफिलची पावले पुढच्या दारापाशी गेली. ब्रिगिडाने कोट छातीशी आवळून धरला.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

एर्नाकाकूंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला, वाकल्या आणि त्याचे चुंबन घेतले, चर्चमध्ये घेतात तसे. ब्रिगिडाने हात मागे घेतला नाही.