सातवा नियम

"मोठ्यानं वाचा, भिवाजी," किशनराव म्हणाले आणि छत्रीचं टोक त्यांनी भिंतीवरच्या फलकाला टेकवलं. "नियम सात."

मी वाचला. "वेडसर, मद्यपी व संसर्गजन्य रोग झालेल्या व्यक्तींना वाचनालयात प्रवेश नाही."

टेबलाशी बसलेल्या देवलाने टाळ्या वाजवल्या. कुणीही काहीही मोठ्याने वाचलं की तो टाळ्या वाजवायचा. मी कापसाचे भाव वाचले तरी वाजवायचा.

"बघा," किशनराव म्हणाले. "आनखी काय पुरावा पायजे?"

किशनराव औंढ्याच्या आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष होते आणि मी ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या माझ्या, नोंदवही माझी आणि झाडूही माझाच. १९७६ साल होतं. शिस्त हा शब्द तेव्हा दिसेल त्या भिंतीवर रंगवलेला असायचा आणि किशनरावांच्या तोंडी तर तो पानासारखा बसला होता. त्या महिन्याच्या अखेरीला माझी नोकरी गेली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव त्यात अडकायला नको. मला नोकरीचं सांगायचं नाही. मला देवलाच्या खुर्चीचं सांगायचं आहे.

देवला तांड्यावरचा. वय तिशीच्या पुढे, मिशा पिकायला लागलेल्या, पण बोलणं चार-पाच वर्षांच्या लेकराएवढं. त्याची आई धुरपताबाई बाजाराच्या दिवशी भाजी विकायला यायची. गर्दीत हा हरवायचा, म्हणून पूर्वी ती त्याच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक आपल्या पाटीखाली दाबून ठेवायची. बाजारातल्या टवाळांना ती दोरी ओढायची फार हौस. एकदा मी ते पाहिलं आणि त्याला हाताला धरून वाचनालयात आणून बसवलं. दया वगैरे काही नव्हती. मला त्या ओढणाऱ्यांचा राग आला होता, एवढंच.

त्याला मी काम दिलं. आलेली वर्तमानपत्रं काठीला अडकवायची. हे काम तो माझ्यापेक्षा नीट करायचा, एक कोपरा दुमडू द्यायचा नाही. मग शेजारच्या दुकानदाराने आपल्या पन्नाशीच्या बहिणीला, सखुबाईला, आणून बसवलं. मग जळबा कुंभार आला. त्याच्याही डोक्याची वाढ लहानपणीच थांबलेली. बाजाराच्या दिवशी दुपारी दोन ते चार मी या तिघांना गोष्टी वाचून दाखवायचो, चित्रांचे अंक पाहायला द्यायचो. सखुबाई एकच पान तासभर बघायची. जळबा हसण्याची जागा नसली तरी हसायचा. बाकीच्या वाचकांना त्रास काय, तर तिघं आवाज करतात. बाकीचे वाचक रोज पान खाऊन राजकारणावर भांडायचे, तो आवाज नव्हता.

"जिल्ह्याचे साहेब तपासनीला येऊन राहिले पुढल्या आठवड्यात," किशनराव म्हणाले. "त्यांना काय दाखवायचं? हे?"

"वाचक दाखवायचे," मी म्हणालो.

"वाचक? ह्याला अ येतो का?"

अ येत नव्हता. व येत होता. मी पाटीवर त्याचं नाव वर्षभर गिरवून घेतलं होतं. त्यातले दे आणि ला निसटून गेले, मधला व तेवढा त्याच्याजवळ राहिला. आला की तो आधी फलकापाशी जायचा आणि सातव्या ओळीवरून बोट फिरवायचा. त्या ओळीत अर्धा धरून पाच व आहेत. एक दिवस त्याने विचारलं, "देवला?" मी नोंदवहीत मान घालून बसलो होतो. वर न बघता म्हणालो, "व्हय, तुझंच." नंतर पाहिलं तर बोट 'वेडसर'वर होतं. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण तो इतका खूश झाला होता की मी गप्प बसलो. पुढे दर आठवड्याला तो नवीन माणसाला हात धरून फलकापाशी न्यायचा आणि म्हणायचा, "माजं नाव."

रविवारी कार्यकारिणीची बैठक झाली. मी म्हणालो की हा नियम माणुसकीचा नाही, काढून टाका. किशनरावांनी फाईल उघडली, एक पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्यासमोर सरकवला.

"हे अक्षर कोनाचं हाय?"

अक्षर माझं होतं. आठ वर्षांपूर्वी नोकरीला लागलो तेव्हा कुठल्याशा वाचनालयाची छापील नियमावली कुणीतरी आणून दिली होती. मी ती ओळीनं उतरवून काढली, रंगाऱ्याला दिली, त्याच्याशेजारी उभा राहून काना-मात्राही तपासली. एक ऱ्हस्व दीर्घ झाला होता तो पुसायला लावला. नियमात काय म्हटलंय ते मात्र मला दिसलं नाही. माझ्या बापाला पत्र आलं की चावडीच्या पायरीखाली उभं राहून ऐकावं लागायचं. वाचणारा वर, बाप खाली, आणि घरातली गोष्ट साऱ्या गावाच्या कानावर. त्या बापाच्या मुलाने ही पाटी लिहिली होती, आणि शुद्ध लिहिली म्हणून वर पाठ थोपटून घेतली होती.

"माझं," मी म्हणालो.

"मंग? आन तुमाला घेतलंच न्हवं आमी? तवा कोनी काही बोललं का?"

त्या 'तुमाला'मध्ये काय काय होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मला त्याच क्षणी उठून जायचं होतं. पण मी गेलो असतो तर देवलाची खुर्ची कुणाच्या भरवशावर ठेवणार होतो? ठराव झाला. पुढल्या बाजारापासून तिघांनाही दार बंद.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी फलकाच्या काळ्या रंगाचा डबा घेतला आणि सात आकडा तेवढा ठेवून सातवी ओळ पुसून टाकली. दोन हात दिले. खालून काही दिसत नाही ना, ते तिरक्या उजेडात पाहिलं. फार समाधान वाटलं. शहाणा माणूस कधी कधी इतका मूर्ख असतो.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाई देवलाला घेऊन आली आणि पायरीखालीच थांबली.

"मास्तर, बाजारात आयकलं. बंदी हाय म्हनं ह्याला."

"बंदी बोर्डावर होती," मी म्हणालो. "आता बोर्डावर न्हाई. येऊ द्या त्याला."

देवला आत आला. नेहमीप्रमाणे आधी फलकाकडे गेला. बोट सहाव्या ओळीखाली आलं आणि थांबलं. त्याने काळ्या जागेवरून हात फिरवला, इकडून तिकडे, पुन्हा इकडे. मग माझ्याकडे पाहिलं.

"देवला न्हाई," तो म्हणाला.

आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी हाक मारली, वर्तमानपत्रं दाखवली, काठी हातात द्यायला गेलो. तो उठेना. किशनरावांच्या ठरावाला जे जमलं नसतं ते माझ्या दोन हात रंगाने केलं होतं.

"काहून पुसलं, मास्तर?" धुरपताबाईने विचारलं. "समद्या तांड्याला सांगत व्हता, औंढ्याच्या बोर्डावर माजं नाव हाय. आमाला कुनाला वाचता येत न्हाई. आमी बी खरं धरलं. काय लिवलं व्हतं तितं?"

खोटं बोलता आलं असतं. एकदा बोललोच होतो. मी तिला सगळं सांगितलं. शब्द काय होता ते सांगितलं आणि तो कुणी लिहिला तेही सांगितलं.

डोक्यावरची पाटी तिने खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं. तिला माझा राग आला होता आणि तो यायलाच हवा होता.

"मंग आता खरं लिवा," ती म्हणाली.

कपाटांवर नंबर टाकायचा पांढरा रंग होता. मी डबा आणि ब्रश आणला, स्टूल मांडलं. मग वाटलं, पुन्हा माझंच अक्षर कशाला? मी देवलाला हाक मारली. डबा पाहून तो उठला. ब्रश त्याने हातात धरला नाही, बोट बुडवलं. काळ्या पट्टीवर, सात आकड्यापुढे, त्याने गोल काढला, मग त्याला चिकटून एक उभी रेघ, आणि वर आडवी. रेघ खाली ओघळली. मी दे सांगितला, ला सांगितला. त्याने मान हलवली. त्याचं नाव पूर्ण झालं होतं.

बोट विजारीला पुसून तो आत आला, आपल्या खुर्चीवर बसला आणि वर्तमानपत्रं काठीला अडकवायला लागला. धुरपताबाई पाटी उचलून बाजारात गेली. दोरी तिच्या पाटीत तशीच गुंडाळलेली होती.

तीनच्या सुमाराला किशनराव आले. सखुबाई आणि जळबाही तोवर आले होते, मी गोष्ट वाचत होतो. किशनराव दारातच थांबले. आधी खुर्च्यांकडे पाहिलं, मग भिंतीकडे. रंग अजून ओला होता.

"हे काय हाय?" त्यांचा आवाज चढला. "भिवाजी, सातवा नियम कुठं गेला?"

"तिथंच आहे."

"काय हाय तिथं?"

"वाचा," मी म्हणालो. "मोठ्यानं वाचा."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि फलकाजवळ गेले.

"व," ते म्हणाले.

देवलाने काठी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.