घोडा न मावलेले नाणे

मित्रांनो, मी गॉल देशातले, म्हणजे आजच्या फ्रान्समधले, एक जुने सोन्याचे नाणे आहे. माझ्या एका बाजूला घोडा धावतो. त्याच्या पोटाखाली एक चाक आहे. घोड्याला डोके मात्र नाही.

माझा ठसा अद्नामत नावाच्या कारागिराने कोरला. त्यात त्याने घोडा पूर्ण कोरला होता: मान, आयाळ, डोळ्याच्या जागी एक ठिपका. ठसा नाण्याहून नेहमीच थोडा मोठा असे. शेपटी किंवा खूर काठाबाहेर राहिला, तरी कोणी बोलत नसे. पण त्या वर्षी सरदार सेगोमारने नाण्यांतले सोने गुपचूप कमी करायला लावले. सोन्याच्या चकत्या लहान झाल्या, ठसा तोच राहिला. हातोडा पडला आणि घोड्याचे डोके माझ्या काठाबाहेर गेले.

सरदाराने मेजवानीत आम्हाला योद्ध्यांमध्ये वाटले. तिथे डुकराचे मांस होते, मधाची दारू होती, आणि दारावर ठोकलेली शत्रूंची मुंडकी होती. एका म्हाताऱ्या योद्ध्याने मला उजेडात धरले.

"सरदार, तुमच्या घोड्याचं मुंडकं कुणाच्या दारावर टांगलंय?"

सगळे हसले. सरदारही हसला. मग त्याने अद्नामतला बोलावून घेतले.

आपलाच हात चुकला, असे अद्नामत पुन्हा पुन्हा सांगत राहिला. सरदाराचे गुपित झाकले की फार तर हात जाईल, जीव वाचेल, असा त्याचा हिशेब होता. तेवढ्यात त्याची बायको लितुगेना ठसा घेऊन धावत आली.

"बघा, सरदार, डोकं कोरलंय त्यानं. सोनंच कमी घातलंत तुम्ही, मग घोडा मावणार कसा?"

योद्ध्यांनी आपापली नाणी तळहातावर तोलली. आता कोणी हसत नव्हते.

"बाई खरं बोलतेय," सरदार शांतपणे म्हणाला. "डोकं ह्याच्याकडेच आहे. काढून घ्या."

लितुगेनाला धड मिळाले. मुंडके दारावर राहिले. असले नाणे नको म्हणून म्हाताऱ्याने मला तिच्यापुढे फेकले. तिने खड्डा खणला, धड निजवले आणि मानेच्या वर, रिकाम्या जागी, मला ठेवले.

सोने गंजत नाही. हाडे मात्र आम्लधर्मी मातीत विरघळतात. आज माझ्या शेजारी अद्नामतचा फक्त एक काळसर डाग उरला आहे.

मित्रांनो, कधी तुम्हाला मी सापडले, तर चकाकते म्हणून लगेच ओढून काढू नका. आधी शेजारची माती ब्रशने, हलक्या हाताने झाडा. मी आणखी हजारो वर्षे टिकेन. तो फावड्याच्या एका घावात संपेल.