ओढण्यांची पिशवी

आमच्या वारज्याच्या सोसायटीत माशीसुद्धा परवानगीशिवाय आत येत नाही. वॉचमन गेटवर फोटो काढून ॲपवर टाकतो, घरमालकानं मोबाइलवर 'हो' दाबलं की पाहुणा आत. आमच्या फ्लॅटला नंबर आमोदचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. तो हडपसरला ऑफिसात असतो. जाताना मला बाहेरून कुलूप घालून, माझा फोन स्वतःच्या बॅगेत टाकून जातो. केवढी ती काळजी!

परवा त्यानं माझं मनगट दारात चेंगरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो अंघोळीला गेल्यावर, कामाला येणाऱ्या रतनच्या हाती मी महिला संरक्षण अधिकाऱ्यांना अर्ज पाठवला. मारणाऱ्याला कोर्ट घराबाहेर काढू शकतं, असा कायदा आहे म्हणे. बाई येऊन अहवाल लिहिणार, मी सही करणार. तेवढी सही झाली पाहिजे होती.

आज अकराला त्या आल्या. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघत होते. वॉचमननं फोटो काढला, शिवाय त्या कोण तेही आमोदला लिहून पाठवलं. मेल्या, मी तुझं काय घोडं मारलं होतं रे?

"साहेब नाही म्हणाले," तो बाईंना म्हणाला.

आमोदला कळलं होतं. हडपसरहून यायला पाऊण तास.

"बाई, इकडे, भिंतीबाहेरून माझ्या गॅलरीखाली या!" मी ओरडले. शेजारच्या मंदाकिनीकाकू कपडे वाळत घालता घालता थांबल्या. बघा, म्हटलं, नीट बघा, रोज ऐकताच की!

बुधवार पेठेत माझी आई भाजीवाल्याला दोरीनं पिशवी सोडायची. इथे बंदी आहे, सोसायटीची शोभा जाते म्हणून. मी दोन ओढण्यांना गाठ मारून पिशवी बांधली.

बाई रस्त्यावर उभ्या राहून लिहीत होत्या, मी वरून सांगत होते. पट्टा, मनगट, तारखा. घरातलं घरात ठेवावं, असं सासूबाई म्हणायच्या. सहा वर्षं ठेवलं की!

पिशवीतून कागद वर आला. सुजलेल्या हातानं सही वेडीवाकडी झाली. मी तो खाली सोडला.

"पोलिसांना फोन करते. तोवर आतून कडी लावून घ्या," बाई म्हणाल्या.

"कडी त्यानं गेल्या महिन्यातच काढलीय हो."

तेवढ्यात आमोदची गाडी आली. वॉचमननं सलाम ठोकला आणि लगेच गेट उघडलं.