रूपालीच्या जागेवर तीन दिवस

सोनमचे पुढचे दोन दात पडले आणि आम्ही नरोलीची भाड्याची खोली सोडून सिल्वासात डोकमर्डीला राहायला आलो, त्या वर्षाच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सोनम माझी नात. मुलगा नवनाथ प्लास्टिकच्या कारखान्यात शिफ्टला जातो. आणि रूपाली माझी सून. मराठी शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना ती विज्ञान शिकवायची.

मी शिरपूरकडची. शाळेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात बावीस वर्षं पॅकिंगला उभी राहिले आणि बावीस वर्षं पगाराच्या कागदावर अंगठा लावला. साथीच्या वर्षी शाळा बंद पडल्या, तेव्हा रूपाली घरात नुसती बसून कंटाळली. एक दिवस म्हणाली, "आत्याबाई, वर्गात मुलं नाहीत. तुम्हीच बसा." घरात दुसरं पुस्तक नव्हतं. तिचं सहावीचं विज्ञानाचं होतं, तेच तिने माझ्यापुढे ठेवलं. मला साठावं लागलं होतं. चार महिन्यांनी मी पहिलं आख्खं वाक्य माझं मी वाचलं. हवा जागा व्यापते.

"खोटं आहे," मी म्हणाले. "हवेला कसली आली जागा?"

रूपालीने स्टीलचा ग्लास घेतला, तळाशी कागदाचा बोळा दाबून बसवला आणि ग्लास उपडा धरून पाण्याच्या बादलीत सरळ खाली नेला. वर काढला. बोळा कोरडा. मी बोट घालून पाहिलं, खरंच कोरडा. त्या दिवशी तो ग्लास मी दहा वेळा बुडवला. शेवटी नवनाथ म्हणाला, "आई, अंघोळीला पाणी ठेव थोडं."

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी दर उन्हाळ्यात शहरात दहा दिवसांचं शिबिर भरायचं. मुंबईच्या एका संस्थेची माणसं येऊन शिकवायची. चाळीस जागा. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला शाळेसाठी प्रयोगांची पेटी मिळायची. रूपालीच्या शाळेत एक कपाट होतं, त्यात तीन फुटकी चंचुपात्रं आणि पालीची अंडी. मुलांना ती फळ्यावर भिंग काढून दाखवायची. तिला ती पेटी हवी होती. पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा सोनम अंगावर पीत होती. मीच म्हणाले होते, "पुढच्या वर्षी जा, कुठे पळून जातंय शिबिर?" दुसऱ्यांदा नाव लागलं नाही. तिसऱ्यांदा, त्या वर्षी, लागलं. यादी मोबाइलवर आली. तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाचा." मी बोट ठेवून ठेवून वाचलं. सतरावं नाव. रूपाली नवनाथ महाले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सांजोऱ्या तळताना तिला मळमळलं. डोळे पिवळे दिसले. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं, त्यांनी ठेवून घेतलं. कावीळ. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस बघू. आमची नरोलीची जुनी शेजारीण गुड्डी कुठून तरी काविळीची माळ घेऊन आली. ती डोक्यावर घालतात, कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत खाली येते म्हणतात.

"आत्याबाई, माळ वाढते ती गाठी सैल होतात म्हणून," रूपाली उशीवरून म्हणाली. "विज्ञानाची बाई माळ घालून बसली, मुलांनी पाहिलं तर?"

"मुलांना सुट्टी लागलीय. घाल गुपचूप."

तिने घातली. माझ्यासाठी घातली, मला माहीत आहे.

शिबिर सोमवारी सुरू होणार होतं. नवनाथने फोन करून विचारलं, दोन-तीन दिवस उशिरा आली तर चालेल का? तिकडून सांगितलं, पहिल्या दिवशी हजेरी नसेल तर नाव निघतं, यादीतल्या पुढच्याला बोलावतात. रूपालीने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आजारपणात ती तोवर एकदाही रडली नव्हती.

आता मी काय केलं ते सांगते. आमच्या कारखान्यात बदली चालायची. एखादीला गावी जावं लागलं, कुणी आजारी पडलं, तर ती आपलं कार्ड आणि ॲप्रन दुसरीला द्यायची. दुसरी तिच्या जागेवर उभी राहायची. सुपरवायझर वसंतभाईला सगळं ठाऊक असायचं. तो म्हणायचा, "चिमाबेन, मला चेहरा नाही, हात पाहिजे." नवनाथला टायफॉइड झाला तेव्हा आठ दिवस गुड्डी माझ्या जागेवर उभी होती. माझे मालक, नवनाथचे वडील, वारले तेव्हा तेरा दिवस. जागा रिकामी दिसली की कुणीतरी नवीन येऊन उभं राहतं आणि मग ती आपली राहत नाही, एवढंच मी बावीस वर्षांत शिकले होते.

"हजेरीच लावायची ना?" मी रूपालीला म्हणाले. "मी जाते. बदली."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. हसता हसता पोट धरलं. "आत्याबाई, तिथे विज्ञान विचारतील."

"मग? सहावीचं पुस्तक पाठ आहे माझं."

"तिथे अंगठा चालत नाही."

"मी काय आता अंगठेवाली आहे?"

"नाही," ती म्हणाली. "नाही तुम्ही."

सोमवारी मी तिची निळी साडी नेसले, तिचं शाळेचं ओळखपत्र गळ्यात घातलं आणि शेअर रिक्षाने गेले. दारात टेबलावर रजिस्टर होतं. सतराव्या नावासमोर मी सही केली. तिचं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, मागे रांग लागली तरी. आणि लिहून झाल्यावर मला राहवलं नाही. कारखान्यात बदलीला काही लिहावं लागत नाही, नुसतं उभं राहायचं. पण लिहिता यायला लागल्यापासून खोटं लिहायची मला भीती वाटायची. सहीखाली मी लिहिलं, बदली चिमाबाई.

अर्ध्या तासात मला बाजूला बोलावलं. शिबिराचे प्रमुख सुधाकर सर, कोकणातले, सडपातळ, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांच्यासमोर रजिस्टर.

"आजी, हे काय?"

"सून दवाखान्यात आहे सर. बरी झाली की येईल. तोवर जागेवर मी."

"अहो, हे शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. असं दुसऱ्याच्या नावावर बसता येत नाही."

"म्हणून तर खाली माझं नाव लिहिलं."

शेजारी प्रमिला मॅडम उभ्या होत्या, दुसऱ्या कुठल्या शाळेतल्या. त्या तोंडावर रुमाल धरून म्हणाल्या, "आजी, शिक्षण किती तुमचं?"

"शिक्षण नाही. पण बावीस वर्षांत हजेरी चुकली नाही. तुमची?"

सगळे हसले. प्रमिला मॅडम लाल झाल्या. सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा माझ्या अक्षरांकडे पाहिलं.

"ही अक्षरं कुणी शिकवली?"

"जिची जागा आहे तिनेच."

त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "यादीतले पुढचे गुरुजी खानवेलला आहेत, फोन केला की येतील. मी बुधवार संध्याकाळपर्यंत थांबतो. तोवर बसा तुम्ही. पण गुरुवारी सूनबाई स्वतः हव्यात."

मी बसले. त्या दिवशी कागदाच्या नळकांड्यांचा कॅमेरा करायला शिकवला. धागा गुंडाळतात ती नळकांडी, आमच्या कारखान्यातून ढिगाने फेकून देतात तीच. एका तोंडाला काळा कागद लावून सुईने भोक पाडायचं, आत पातळ कागद ताणून बसवायचा. मी खिडकीकडे रोखून पाहिलं तर बाहेरचं झाड उलटं. आयुष्यभर जी नळकांडी मी खोक्यात भरली, त्यांच्यात हे होतं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. रूपाली जागी होती.

"हजेरी?"

"लागली."

"काय शिकवलं?"

मी पिशवीतून नळकांडं काढलं. तिने डोळ्याला लावून दिव्याकडे धरलं आणि बराच वेळ बघत राहिली. "भोक जरा मोठं झालंय, आत्याबाई. म्हणून पुसट दिसतंय. उद्या बारीक सुई घेऊन जा." मग म्हणाली, "शाळेत चाळीस मुलं आहेत. चाळीस नळकांडी आणून द्याल?"

"चारशे आणते."

मंगळवारी मी बारीक सुई नेली. संध्याकाळी तिला नवं नळकांडं दिलं, पण तिने ते डोळ्याला लावलं नाही. झोप झोप करत होती. मध्येच मला विचारलं, "घंटा झाली का?" मी म्हणाले, अजून वेळ आहे. हात गार होते. माळ कपाळाच्या खाली आली नव्हती.

बुधवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, यकृतावर गेलंय, सुरतला न्यावं लागेल, गाडीची सोय करतो. नवनाथ रात्रपाळी करून थेट आला होता, अंगावर कारखान्याचाच शर्ट.

"आई, आज नको जाऊ," तो म्हणाला.

मी रूपालीजवळ वाकले. ती डोळे मिटून होती. "रूपाली, जाऊ ना?" मी विचारलं. तिने काहीतरी म्हटलं. मला ते "हजेरी" असं ऐकू आलं. ती तेच म्हणाली की नाही, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. मला जायचं होतं म्हणूनही तसं ऐकू आलं असेल.

"आज जागा गेली तर ती शुद्धीवर आल्यावर मी काय सांगू?" मी नवनाथला म्हणाले. "गाडी यायला वेळ आहे. हजेरी लावते, सरांना सांगते आणि येते."

सरांना सांगायला गेले तर ते फोनवर होते. हॉलमध्ये वर्ग सुरू झाला होता. मोबाइल सगळ्यांनी दाराशी टोपलीत ठेवायचे असा तिथला नियम, मीही ठेवला. त्या दिवशी प्रत्येकाने सहावीच्या वर्गासाठी एक प्रयोग करून दाखवायचा होता आणि नंबराप्रमाणे नाव पुकारत होते. मी ठरवलं, सतरावा नंबर झाला की निघायचं. रूपालीचा प्रयोग व्हायला हवा, म्हणजे दोन दिवस जास्त मागता येतील. तोवर तीन वेळा उठले आणि तीन वेळा परत बसले.

माझं नाव आलं तेव्हा अकरा वाजले होते. म्हणजे तिचं नाव आलं. मी काचेचा ग्लास घेतला. सरांनी वर्तमानपत्राचा कागद दिला, त्याचा बोळा केला, तळाशी बसवला. पाण्याच्या टबात ग्लास उपडा, सरळ, हात न हलवता खाली नेला. रूपालीने शिकवलं होतं, तिरका झाला की बुडबुडा निघतो आणि सगळं फुकट जातं. सगळे मान पुढे काढून बघत होते. मी ग्लास वर काढला, बोळा काढून प्रमिला मॅडमच्या हातात दिला.

त्यांनी सहावीच्या मुलीसारखा हात वर केला. चेष्टा नव्हती ती. "बाई, पाणी आत का नाही गेलं?"

"आत जागा रिकामी नव्हती," मी म्हणाले. "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा टोपलीतला एक फोन वाजत असल्याचं ऐकू आलं. बहुतेक बराच वेळ वाजत होता. माझाच होता. सर तो घेऊन बाहेर गेले. आत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

मला वाटलं, जागा गेली. देवाशपथ, मला तेच वाटलं.

सरांनी त्यांच्या गाडीतून नेलं. प्रमिला मॅडम माझा हात धरून शेजारी बसल्या होत्या. माझे हात टबातल्या पाण्याने ओलेच होते, मी पदराला पुसायचेही विसरले. सुरतची गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती, मागचं दार उघडं. नवनाथ पायरीवर बसला होता. तो मला एक शब्दही बोलला नाही. पुढेही त्या दिवसावरून कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेरावं झाल्यावर सुधाकर सरांचा फोन आला. म्हणाले, त्या सतराव्या जागेवर कुणाला बोलावलं नाही, रिकामी ठेवली, मन झालं नाही. मी त्यांना रागावले. म्हणाले, "सर, खानवेलच्या गुरुजींना बोलवायचं होतं. त्यांच्याही शाळेत कपाट असेल." ते म्हणाले, हो, चूक झाली. पेटी त्यांनी रूपालीच्या शाळेला पाठवली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी चाळीस नळकांडी नेऊन दिली. वसंतभाईने पोत्यात भरून ठेवली होती. नवीन बाईंना भोक कसं बारीक पाडायचं ते दाखवलं आणि घरी आले.

सोनमला नवे दात आले. आता ती वाचते. परवा मला विचारत होती, आजी, मम्मी कधी गेली ते मला नीट आठवत नाही. तिच्यासाठी मी हे माझ्या हाताने लिहून ठेवते.

माझी सून, तुझी आई, रूपाली नवनाथ महाले, बुधवार, १५ मे २०२४ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात काविळीने वारली. ती एकतीस वर्षांची होती. तुझे वडील तिच्याजवळ होते. मी नव्हते.