सगळ्यांना पुरणारा पट्टा

दवाखान्यातला बीपीचा मोठा पट्टा मीच दुरुस्त करून दिला होता. मी शिंपी, दुकान समोरच. छोट्या पट्ट्यांचं वेल्क्रो गेलं होतं, ते कपाटात पडले. मोठ्याला मी नवं वेल्क्रो शिवलं. तेव्हापासून सिस्टर तोच सगळ्यांना बांधायच्या. कुणाच्याही दंडाला पुरतो, म्हणून माझं कौतुक करायच्या.

त्याच पट्ट्याने माझ्या बायकोचं बीपी मोजलं. ठीक निघालं. दोन आठवड्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. त्याला वर्ष झालं.

सोमवारी लेकीला घेऊन गेलो. महिनाभर तिचं डोकं दुखत होतं. एकशे अडतीस आलं. सिस्टर म्हणाल्या, एकशे चाळीसच्या आत आहे, चिंता नको. माझं लक्ष पट्ट्याकडे होतं. तिच्या दंडाभोवती दोन वेढे घेऊन तो कोपरापर्यंत उतरला होता. असा कपडा शिवला असता तर मी गिऱ्हाइकाला तोंड दाखवलं नसतं.

मी खिशातून टेप काढला.

"बाबा, इथे बाही बेतताय का?" लेक म्हणाली.

दंड भरला साडेआठ इंच. तिच्या आईचाही तेवढाच होता. चाळीस वर्षं तिच्या बाह्या मीच बेतल्या, मला टेप लागत नसे.

पट्टा हिला ढगळ होतोय असं डॉक्टरांना सांगितलं, तर आधी त्या हसल्या. मग म्हणाल्या, ढगळ पट्टा बीपी खरंच कमी दाखवतो, आणि उठून त्यांनी कपाटातला छोटा पट्टा काढला. त्यावर छापलेलं होतं, आठ ते दहा इंच दंडासाठी. मोठ्यावर काहीच दिसेना. मी शिलाई उसवली. खाली आकडा होता: तेरा इंचांपासून पुढे. माझ्याच वेल्क्रोखाली झाकला गेला होता.

मी धावत दुकानात गेलो. बासष्टाव्या वर्षी धावलो. छोट्याला वेल्क्रो शिवून आणेपर्यंत डॉक्टरांनी लेकीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसवलं होतं. गप्प बसणं तिला सगळ्यात जड गेलं.

एकशे अठ्ठेचाळीस. परत मोजलं, एकशे सेहेचाळीस.

मी टाळी वाजवली. पोरीचं बीपी वाढलंय आणि बाप टाळ्या वाजवतोय, सिस्टर बघतच राहिल्या.

लेक बाहेर गेल्यावर विचारलं, "तिच्या आईचंही असंच चुकलं असेल का?"

"सांगता येणार नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "चुकलं असेलही. पण हिचं वेळेत कळलं."

पुढचे दोन दिवस सकाळी पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. आज गोळी सुरू झाली. मोठ्या पट्ट्याचं वेल्क्रो मी सरकवून शिवलं, आकडा उघडा ठेवला. माझा टेप आता सिस्टरांच्या टेबलावर असतो. शेजारचा जाडा दुकानदार बीपी मोजायला आला, तर दंड पुढे करून म्हणाला, कोट कधी मिळणार? मी म्हटलं, पंधरा इंच, तुला मोठा पट्टा.