कडी पोटात घेतलेलं छत

मी छत बोलतोय, वाशीतल्या एका घराचं. वर बघू नका, मी दिसणार नाही. माझ्याखाली आता गुळगुळीत पांढरे तक्ते आहेत आणि तक्त्यांना भोकं आहेत. ती कशी पडली तेच सांगायला बसलोय. बसलोय कसला, लोंबकळतोय.

माझा जन्म पंचाहत्तर सालचा. गवंड्याने सिमेंटात झाडू बुडवला आणि माझ्या अंगावर शिंतोडे मारले. तेव्हा ती फॅशन होती म्हणे. झालं, जन्माचा मी खरबरीत, देवी येऊन गेलेल्या माणसासारखा. एक कडी पंख्यासाठी ठेवली, एक पाळण्यासाठी.

राहायला आले श्यामसुंदर आणि जयमाला, परळची खोली सोडून. सोबत नंदिनी, दोन वेण्यांची. इथे आल्यावर तिला भाऊ झाला आणि तो माझ्या कडीला झुलला. पंखा वीज गेली की थांबायचा. माझ्या कडीला ती सवलत नव्हती.

पण खाडीची हवा खारी. माझ्या अंगाच्या सिमेंटच्या कपच्या सुटायला लागल्या. चहात कपची, आमटीत कपची. श्यामसुंदर डाव्या हाताने ताट झाकायचा आणि उजव्याने जेवायचा. पाहुण्यांना वाटायचं, माणूस लाजाळू आहे.

नंदिनीचं लग्न दादरला झालं. अठ्ठ्याऐंशी साली ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा जयमाला माझ्याकडे बघून म्हणाली, "बारशाला विहीणबाई येणार. त्यांच्या डोक्यात पडलं म्हणजे?"

"त्यांच्या डोक्यात पडलं तर चालेल," श्यामसुंदर म्हणाला, "बाळाच्या डोळ्यांत नको."

मग पावणे गावच्या कारखान्यातून टेम्पोने प्लास्टरचे तक्ते आले. धर्मा नावाच्या कारागिराने माझ्याखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि तक्ते बसवत चालला. मधेच थांबला.

"शेट, हितं कडी हाय. ठेवू का झाकू?"

श्यामसुंदर चहा पीत होता. कपची न काढता प्यायलेला पहिला चहा. म्हणाला, "झाक रे. सगळं गुळगुळीत पाहिजे."

झाकली. धर्मा शिमग्याला गावी गेला.

नंदिनीला मुलगी झाली. आता इथे खरी गोम होती. तिच्या सासूबाईंना, म्हणजे मुक्ताबाईंना, बारसं दादरला हवं होतं. जयमाला अडून बसली होती की पाळणा आमच्याच घरी. त्यावर मुक्ताबाईंनी निरोप धाडला, "करा. पण पाळणा टांगायची सोय नसली, तर सूनबाईला आणि बाळाला त्याच दिवशी दादरला नेईन." नंदिनीला अजून धड उभं राहवत नव्हतं. तिला आईपाशी राहायचं होतं.

बारशाच्या सकाळी पाळणा खाली काढला. चार दोऱ्या वर धरल्या आणि सगळे वर बघत राहिले.

"कडी कुठाय?" जयमालाने विचारलं.

श्यामसुंदर उठून आत गेला. त्याने छत्री आणली.

टोक खुपसलं, तक्त्याला भोक. कडी नाही. "खिडकीकडे होती," तो म्हणाला. भोक. "अहो, दाराकडे," जयमाला म्हणाली आणि कपडे वाळत घालायच्या काठीने तिनेही पाडलं. "मी खाली झोपून बघायची, पंख्याच्या अलीकडे," नंदिनी गादीवरून म्हणाली. भोक. एकदा छत्रीचं टोक कडीला दोन बोटांवर चुकलं. मी ओरडलो, पण छताचं ओरडणं म्हणजे कपचीच. ती श्यामसुंदरच्या टकलावर पडली. त्याने झटकली.

इतक्यात मुक्ताबाई आल्या, सोबत मुलगा विलास, नंदिनीचा नवरा. वर चाळणी, खाली पिठात घोळल्यासारखे व्याही.

"पाळणा कुठे टांगणार?" त्यांनी शांतपणे विचारलं. "विलास, टॅक्सी बघ."

"थांबा," नंदिनी म्हणाली. "बाबा, स्टुलावर चढा. आई, तू पण. अहो, तुम्हीसुद्धा. कडी नाही ना, मग तुम्हीच व्हा कडी."

तिघं तीन दोऱ्या धरून वर उभे राहिले. बाळ आत ठेवलं. नंदिनीचा भाऊ परीक्षेला गेलेला, चौथी दोरी मोकळी, पाळणा कलला, बाळ घसरायला लागलं. मुक्ताबाई नऊवारी खोचून टेबलावर कधी चढल्या ते त्यांनाही कळलं नाही. बारशाला जमलेल्या शेजारणींनी आणि जयमालाच्या बहिणीने पाळणागीत म्हटलं. नाव ठेवलं अरुणा. अरुणा झोपली.

"आता उतरू या?" विलास पुटपुटला.

"हलू नकोस. आत्ता डोळा लागलाय तिचा," मुक्ताबाई कुजबुजल्या.

शेजारणींनी चौघांना घुगऱ्या उभ्यानेच भरवल्या. मुक्ताबाईंच्या तोंडात घास जयमालाच्या बहिणीने घातला, आणि मीठ कमी आहे हे त्यांनी मानेनेच सांगितलं. उन्हं कलली तेव्हा पोर उठली. चौघं उतरले, पण हात काही उतरेनात.

जयमालाने विचारलं, "विहीणबाई, मग नंदिनीला नेताय का?"

"राहू दे महिनाभर," वर केलेल्या हातांकडे बघत मुक्ताबाई म्हणाल्या. "मला आता मूल कुठे उचलता येतंय." दादरच्या बसला गर्दी होती, म्हणून निभावलं. उभ्या सगळ्याच बायकांचे हात वर दांडीला होते.

ते गेल्यावर श्यामसुंदर खुर्चीत टेकला. खांदे दाबून घेता घेता त्याने एका भोकातून वर बघितलं. "काय रे," म्हणाला, "तू कसा धरून राहिलास इतकी वर्षं?"

एवढं मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. कपची पडेल म्हणून मी गप्प राहिलो.

तर मंडळी, तक्ते मारायचे तर खुशाल मारा. म्हाताऱ्याला नवं धोतर मिळालं तर कोण नको म्हणेल. पण झाकण्याआधी एकदा आमच्याकडे नीट बघून घ्या. आम्ही तिथेच असतो, हात वर करून.